औषधाच्या कपाटाची किल्ली

औषधांच्या दुकानात एकत्र काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांचे प्रेम हा विषय आपल्या कथा-कादंबऱ्यांनी क्वचितच गंभीरपणे हाताळला आहे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या प्रेमावर चित्रपट निघाले, गाणी गाजली; कंपाउंडर मात्र बहुधा हशा पिकविण्यापुरताच पडद्यावर आला. काउंटरमागे उभी राहून दिवसभर चिठ्ठ्या वाचणारी, फळीवरून बाटल्या काढणारी, रात्री शटर ओढताना हिशेब जुळविणारी मुलगी कथेची नायिका होऊ शकते, हे आपल्या लेखकांच्या फारसे ध्यानी आलेले दिसत नाही. वास्तविक आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले-मुली बारावीनंतर फार्मसीची पदविका घेतात आणि त्यांची पहिली नोकरी अशाच एखाद्या 'मेडिकल'मध्ये असते. आठ-दहा तास दोन-चार माणसे एका अरुंद जागेत वावरतात. तेथे ओळखी वाढतात, मने जुळतात, कधी दुखावतात. घरी ही वार्ता पोहोचली की आईवडिलांपुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर शोधताना वाङ्मय काही साहाय्य करते का, हे या लेखात आम्हांस पाहावयाचे आहे.

त्यासाठी आम्ही एक कादंबरी, एक चित्रपट, एक न्यायनिर्णय आणि एक नाटक अशा चार गोष्टी घेतल्या आहेत. न्यायनिर्णय हा वाङ्मयप्रकार नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु मुंबईतील औषधनिर्मितीच्या एका आस्थापनेत स्त्रियांच्या नोकरीचा आणि विवाहाचा संबंध कसा जोडला गेला, याचा लेखी पुरावा त्यात आहे. कथेने जे सांगावयास हवे होते, ते तेथे न्यायालयाने सांगितले आहे.

प्रथम कादंबरी. गुस्ताव्ह फ्लोबेर या फ्रेंच लेखकाची 'मादाम बोव्हारी' १८५६ साली एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढील वर्षी तिच्यावर अनीतीचा खटला भरला गेला, लेखक निर्दोष सुटला आणि मग ती ग्रंथरूपाने निघाली. एका खेडेगावातील डॉक्टरच्या असंतुष्ट पत्नीची, एमाची, ही शोकांतिका म्हणून ती सर्वत्र वाचली जाते. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष त्या गावातील औषधविक्रेत्याच्या दुकानाकडे वेधू इच्छितो. दुकानाचा मालक ओमे हा बडबड्या, अहंमन्य, विज्ञानाच्या नावाने सदैव व्याख्यान देणारा गृहस्थ आहे. त्याच्या हाताखाली जुस्तँ नावाचा पोरसवदा उमेदवार राबतो. हा मुलगा एमावर मनोमन लुब्ध आहे. त्याचे प्रेम अबोल आहे, त्यात कसलीही मागणी नाही, आणि एमाला त्याची पुरती जाणीवही नाही.

ओमेने माळ्यावरील आपल्या औषधांच्या कोठडीला शुभवर्तमानातील 'कफर्णहूम' या गावाचे नाव दिले आहे. फ्रेंच भाषेत या शब्दाला अडगळीची जागा असाही अर्थ आहे. येशूने जेथे अनेक आजाऱ्यांना बरे केले त्या गावाचे नाव धारण करणाऱ्या या कोठडीत निळ्या काचेच्या बरणीत सोमल ठेवलेला आहे. एके दिवशी मुरंब्यासाठी कढई हवी असता जुस्तँ नेमकी त्या कोठडीतील कढई उचलून आणतो. ओमे संतापाने थरथरू लागतो. त्याच वेळी एमा तेथे येते. तिच्यादेखत तो मुलाला खडसावतो आणि खडसावताना बरणीचा रंग, तिच्यावरील पिवळे मेण, आतील पांढरी भुकटी यांचे साद्यंत वर्णन करतो. एवढ्यात मुलाच्या खिशातून वैवाहिक प्रेमाविषयीचे एक सचित्र पुस्तक खाली पडते. मग तर ओमेच्या क्रोधाला पारावार राहत नाही. कोवळ्या वयात असली पुस्तके वाचणारा हा मुलगा माझ्या लेकरांना बिघडवील, अशी आग पाखडीत तो नीतीवर घसरतो.

या प्रसंगातील विनोद सर्वांना जाणवतो. त्यामागील भीषणता फार थोड्यांच्या लक्षात येते. मालकाने एकाच दमात दोन गोष्टी केल्या. विष कोठे आहे, हे एका त्रयस्थ व्यक्तीला सांगितले आणि उमेदवाराच्या मनावर पहारा बसविला. पुस्तक जप्त झाले. कोठडीची किल्ली मात्र होती तेथेच भिंतीवर लटकत राहिली. पुढे कर्जात बुडालेली, सर्वांनी झिडकारलेली एमा त्याच किल्लीसाठी जुस्तँकडे येते. उंदीर मारावयाचे आहेत, असे सांगते. मालकांना सांगावे लागेल, एवढे तो म्हणू पाहतो. ती त्याला थोपविते. ती त्या क्षणी त्याला विलक्षण सुंदर भासते आणि त्याच्या तोंडचा नकार तोंडातच राहतो. ती थेट तिसऱ्या फळीकडे जाते, बरणी उघडते आणि मूठभर विष तोंडात घालते.

या ठिकाणी जुस्तँचे प्रेम पाप होते काय? आमच्या मते नव्हे. त्याने एमाकडे वाईट नजरेने पाहिल्याचा एकही दाखला कादंबरीत नाही. दोष असलाच तर एवढाच की ज्या व्यक्तीसमोर त्याला 'नाही' म्हणता येत नव्हते, त्याच व्यक्तीसमोर विषाच्या कपाटाशी तो एकटा उभा होता. आणि त्याला तसे एकटे ठेवणारा मालक कोण? जो स्वतः परवाना नसताना मागच्या खोलीत रोगी तपासत असे, आणि त्याबद्दल ज्याला एकदा वरून समज मिळालेली होती, तो ओमे. स्वतःच्या व्यवसायाची मर्यादा रोज ओलांडणारा हा मनुष्य दुसऱ्याच्या खिशातील पुस्तक शोधतो. शेवटी जुस्तँ एमाच्या थडग्यापाशी रडतो, मग गाव सोडून पळतो आणि किराणामालाच्या दुकानात पोऱ्या होतो. ओमेला सरकारी सन्मानपदक मिळते. तेथेच कादंबरी संपते. फ्लोबेरने न्याय केला नाही, अशी तक्रार काही वाचक करतात. आम्हांस वाटते, त्याने जे घडते तेच लिहिले: धाकट्याचे प्रेम सर्वांना दिसते, थोरल्याची बेपर्वाई कोणालाही दिसत नाही.

आता आपल्याकडील चित्रपटाकडे वळू. असित सेन यांचा 'खामोशी' १९६९ साली पडद्यावर आला. याच दिग्दर्शकाने दहा वर्षांपूर्वी हीच कथा 'दीप ज्वेले जाई' या नावाने बंगालीत केली होती. मूळ कथा आशुतोष मुखोपाध्याय यांची. मनोरुग्णांच्या रुग्णालयातील परिचारिका राधा हिला तिचे वरिष्ठ डॉक्टर एक विलक्षण काम सांगतात. प्रेमभंगाने मनाचा तोल गेलेल्या रुग्णाशी तिने प्रेमाचे नाटक करावयाचे, म्हणजे तो बरा होईल. एक रुग्ण असा बरा होतो आणि निघून जातो. नाटक करता करता राधा मात्र त्याच्यावर खरेच प्रेम करू लागलेली असते. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी तेच काम पुन्हा तिच्या माथी येते. तोही बरा होतो, आणि राधेचाच तोल जातो. वहिदा रहमान यांनी ही भूमिका ज्या संयमाने साकारली, त्यामुळे हा चित्रपट आजही मनात घर करून राहतो.

परंतु अभिनयाने भारावलेल्या प्रेक्षकाने चित्रपट संपल्यावर एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. येथे व्यवसायाची मर्यादा ओलांडली कोणी? राधेने नव्हे. तिला मर्यादा ओलांडण्याचा हुकूम झाला होता. पहिल्या वेळी तिने पाळला, दुसऱ्या वेळी ती कचरते आहे हे दिसत असूनही तिच्यावर तो लादला गेला. परिचारिकेचे मन हे उपचाराचे साहित्य म्हणून वापरले गेले. सुई उकळून घ्यावी तसे ते पुन्हा वापरता येईल, असे गृहीत धरले गेले. वरिष्ठाला अखेरीस पश्चात्ताप होतो खरा. तथापि चित्रपटाची सारी करुणा राधेच्या 'स्त्रीहृदया'कडे वळविली जाते. ती स्त्री होती म्हणून प्रेमात पडली, आणि प्रेमात पडली म्हणून कोसळली, असा भास निर्माण होतो. ती नोकर होती म्हणून नकार देऊ शकली नाही, हे सत्य त्या करुणेखाली झाकले जाते. किशोर साहू यांच्या 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) मध्येही नायिका परिचारिका आहे आणि नायक डॉक्टर. तेथेही प्रेमाचे ओझे तीच वाहते. तिच्या त्यागाला चित्रपट एवढे उंचावर ठेवतो की तिच्या नोकरीतील स्थानाचा विचारच कोणाला सुचू नये.

मराठी-हिंदी पडद्यावर सेवाभावी परिचारिका पुष्कळदा ख्रिस्ती दाखविली गेली, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. पांढरा पोशाख, गळ्यात क्रूस, ओठांवर प्रार्थना. या चित्राने आपल्यालाही थोडे सुखावले आहे. परंतु देवदूत म्हणून गौरविलेल्या व्यक्तीला पगार, पाळी, वरिष्ठ आणि तक्रार असते, हे लोक सहज विसरतात. गौरवाची ही दुसरी बाजू आपण तरी ओळखावी.

तिसरे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते काल्पनिक नाही. येथील एका औषध कंपनीच्या पॅकिंग व लेबलिंग विभागात स्त्रिया काम करीत. नियम असा होता की या विभागातील अविवाहित स्त्रीने विवाह केला की तिची नोकरी आपोआप संपुष्टात येई. 'बॉम्बे लेबर युनियन' या संघटनेने हा नियम आव्हानित केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 'बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस' या नावाने तो निर्णय १९६६ च्या निर्णयसंग्रहात आढळतो. विभागातील काम गटाने करावे लागते, हजेरी नियमित हवी, आणि विवाहित स्त्रियांच्या गैरहजेरीचे प्रमाण अधिक असते, असा मालकांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. विधवेला कामावर ठेवण्यास हरकत नाही, मग तिला मुले असली तरी चालते. तर विवाहितेलाच काय म्हणून आडकाठी? राहता राहिली प्रसूतीची रजा, आणि त्यासाठी मालकाने राखीव माणसांची तजवीज करावी, अशा आशयाची कारणे देऊन न्यायालयाने तो नियम असमर्थनीय ठरविला.

गोळ्यांच्या आणि इंजेक्शनांच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या आत्या-मावश्या आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. अशा नियमाखाली जगणाऱ्या मुलीपुढे काय पर्याय उरत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. विवाहसंस्कार, जो आपण पवित्र मानतो, तो तिच्यासाठी पोटावर पाय आणणारा ठरे. विवाह लांबणीवर टाकणे, तो लपविणे किंवा नोकरी सोडणे, एवढेच मार्ग तिला उरत. पुरुष कामगाराला मात्र लग्नाच्या पत्रिका कारखान्यात उघडपणे वाटता येत असत. या एका नियमात केवढी कादंबरी दडलेली आहे! ती लिहिली गेलेली आमच्या पाहण्यात नाही.

असा नियम त्या एकाच ठिकाणी नव्हता, हे पुढील निर्णयांवरून दिसते. परराष्ट्रसेवेतील स्त्री-अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली मुथम्मा यांच्या प्रकरणात कडक ताशेरे ओढले. १९८१ साली हवाई सुंदरींच्या प्रकरणात पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपविणारा नियम रद्द झाला. पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट मात्र न्यायालयाने तेव्हा कायम ठेवली. म्हणजे सुधारणा झाली ती टप्प्याटप्प्याने. या सर्व नियमांत एक समान धागा आहे. संस्थेने मर्यादा आखली ती स्त्रीच्या विवाहाभोवती. वरिष्ठाने हाताखालच्या मुलीशी कसे वागावे, याविषयीचा देशव्यापी दंडक यायला त्यानंतरही बरीच वर्षे जावी लागली. राजस्थानातील भंवरीदेवी प्रकरणातून उद्भवलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निर्णय झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम घालून दिली. संसदेचा कायदा २०१३ साली आला.

मधल्या काळात काय घडत होते, याची साक्ष मुंबईच्याच केईएम रुग्णालयाने दिली आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्याच एका सफाई कामगाराने प्राणघातक हल्ला व अत्याचार केला. त्याच्या गैरवर्तनाबद्दल त्यांनी त्याला आधी खडसावले होते. त्यांचा विवाह रुग्णालयातीलच एका डॉक्टरांशी ठरलेला होता. खटला चालला तो जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या आरोपांवर. अत्याचाराचा आरोप त्यात नव्हताच. त्यांची होणारी बदनामी आणि ठरलेला विवाह यांचा विचार या मौनामागे असावा, असे या प्रकरणाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदविले आहे. गुन्हेगार सात वर्षांच्या शिक्षेने सुटला. अरुणा अंथरुणाला खिळून राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. पिंकी विराणी यांनी १९९८ साली त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मराठीत दत्तकुमार देसाई यांनी 'कथा अरुणाची' हे नाटक त्याही आधी लिहिले होते. महाविद्यालयीन रंगमंचावरून ते पुढे आले आणि २००२ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झाले.

या नाटकाचे महत्त्व आम्हांस वाटते ते असे की त्याने मराठी प्रेक्षकाला परिचारिकेच्या नोकरीच्या जागेकडे पाहावयास लावले. अरुणा शानबाग यांनी केलेले काम प्रेमाचे नव्हते, शिस्तीचे होते. वरिष्ठ म्हणून चूक दाखविणे हे त्यांचे कर्तव्य होते. त्या कर्तव्याच्या पाठीशी व्यवस्था उभी नव्हती, आणि आपत्तीनंतर जी व्यवस्था धावली ती अब्रू झाकण्यासाठी. एका ठरलेल्या, सर्वमान्य, उजळ प्रेमसंबंधाचे नाव पुढे करून सत्य दडपले जाऊ शकते, हे या घटनेने दाखविले. प्रेम लपविल्याने अनर्थ होतो, असे आपण मुलांना सांगतो. प्रेमाच्या आडोशाने इतरांनी गुन्हा लपविला तर केवढा अनर्थ होतो, हेही त्यांना सांगितले पाहिजे.

आता हे सारे आपल्या परिसराशी जोडून पाहू. माहुलचेच उदाहरण घ्या. चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी वसलेले हे जुने कोळी गाव. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्याच्या शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे रसायनांच्या टाक्या आल्या. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून हलविलेली कुटुंबे येथील इमारतींत आणली गेली. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत येथील रहिवाशांच्या श्वसनाच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकांना माहुललाच राहण्याची सक्ती करता येणार नाही, अशा आशयाचा आदेश दिला. अशा ठिकाणी औषधाचे दुकान म्हणजे वाण्याच्या दुकानाइतकी नित्याची जागा. कोणाला दम्याचा पंप लागतो, कोण क्षयाच्या गोळ्या घेतो, कोणाच्या घरी झोपेचे औषध जाते, कोणती नवविवाहिता कोणती गोळी मागते, हे काउंटरमागच्या माणसाला ठाऊक असते. धर्मगुरूंच्या खालोखाल गावाची गुपिते जर कोणाच्या पोटात असतील तर त्याच्या.

म्हणूनच काउंटरमागील प्रेमाचा प्रश्न त्या दोघांपुरता राहत नाही. प्रौढ, अविवाहित स्त्री-पुरुषांनी एकमेकांना पसंत करण्यास कायद्याची बंदी नाही आणि ख्रिस्तसभेचीही नाही. प्रश्न असतो तो कामाचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे, असा औषधांच्या नियमांचा दंडक आहे. २०१४ पासून काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे व गुंगी आणणारी औषधे यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ही देखरेख म्हणजे एका माणसाने दुसऱ्याची चूक पकडणे. आपल्या आवडत्या व्यक्तीने काढलेली बाटली आपण तितक्याच काटेकोरपणे तपासू काय? मालकाच्या मर्जीतील मुलगी त्याला म्हणू शकेल काय, की ही चिठ्ठी जुनी आहे, हे औषध मी देणार नाही? आणि मर्जी संपल्यावर तीच मुलगी नोकरीवर राहील काय? औषध घरपोच पाठविण्यासाठी घेतलेला दूरध्वनी क्रमांक पाहून एखादा तरुण ग्राहक मुलीला रात्री संदेश पाठवू लागला, तर तिला आपल्या आईची औषधे पुन्हा तेथून आणता येतील काय? जुस्तँची किल्ली आज अशा रूपात आपल्यापुढे येते.

कायद्याने यावर काही तोडगा दिला आहे, आणि तो आपल्या घरोघरी माहीत असणे आवश्यक आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. साधारण औषधाच्या दुकानात दहा माणसे नसतात. तेथील स्त्रीला, किंवा जिची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे अशा कोणत्याही स्त्रीला, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. माहुलसाठी हा जिल्हा म्हणजे मुंबई उपनगर. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावयाची असते. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. लेखी तक्रार करणे तिला जमत नसेल तर समितीने तिला साहाय्य करावयाचे असते. हा कायदा प्रेमाला हात लावीत नाही. नको असलेली जवळीक कोणी लादली, तर तिच्याविरुद्ध तो उभा राहतो. ओमेच्या दुकानात हा भेद करणारा कोणी नव्हता. राधेच्या रुग्णालयातही नव्हता.

आता आमचे म्हणणे वाङ्मयाविषयी. नियतकालिकांकडे येणाऱ्या कथांत नोकरी करणाऱ्या मुलीचे प्रेम बहुधा दोनच ठिकाणी पोहोचते: वेदीपाशी किंवा विहिरीपाशी. मधला सारा प्रदेश कोरा राहतो. पगार किती, सुट्टी कोण देतो, रात्री दुकान बंद करताना सोबतीला कोण असते, नोंदवहीवर सही कोणाची, नकार दिला तर दुसऱ्या दिवशी काय होते, हे तपशील लेखकाला रुक्ष वाटतात. त्याला चांदणे हवे असते. परंतु फ्लोबेरचे सामर्थ्य त्याच्या चांदण्यात नाही, कढई, किल्ली आणि निळ्या बरणीत आहे. आमच्या तरुण लेखक-लेखिकांनी काउंटरमागे जावे, तेथील माणसांचे कष्ट पाहावेत आणि मग लिहावे. त्यांच्या कथेत प्रेम अवश्य असावे. मात्र त्या प्रेमाची किंमत कोणाकडून वसूल होते, याचा हिशेबही असावा.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. मुलीचे दुकानातील कोणाशी सूत जुळले, किंवा कोणी तिला त्रास दिला, अशी कुणकुण लागली की आपल्या घरांत पहिला निर्णय होतो तो तिला नोकरीवरून काढून घरी बसविण्याचा. दोन्ही बाबतींत उपाय एकच! पॅकिंग विभागातील तो जुना नियम सर्वोच्च न्यायालयाने साठ वर्षांपूर्वी मोडीत काढला. आपल्या घरांत तो अद्याप लागू आहे. मुलगी घरी बसते, मालक तसाच राहतो, आणि तिच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी उभी राहते. तिच्या प्रेमाविषयी आईवडिलांनी बोलावे, विचारावे, सल्ला द्यावा. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु त्याआधी तिच्या कामाविषयी बोलावे. तुझ्या पाळ्या कोण ठरवितो, तुझी चूक कोण तपासतो, त्याची चूक तू दाखवू शकतेस का, आणि तू 'नाही' म्हणालीस तर तुझे ऐकणारे तेथे कोणी आहे का, हे प्रश्न तिला आज रात्री जेवताना विचारता येतील. मुलाला तर ते अधिक आवर्जून विचारावेत. उद्या कदाचित तोच त्या दुकानाचा मालक असेल.